लेखी पुरावा

सांगलीच्या रणदिवे वकिलांचा हेका होता, जे लेखी नाही ते घडलंच नाही. त्यामुळे ऑफिसातलं प्रत्येक बोलणं कोपऱ्यातल्या निर्मलाबाई टाइप करून ठेवत.

नवी वकील सुलक्षणा पाटणे तिथं नोकरी मागायला गेली.

"बायका घेत नाही मी," साहेब म्हणाले. "मुलं झाली की काम सोडतात."

"एवढं कारण लिहून द्याल?"

"म्हणजे उद्या मलाच कोर्टात खेचशील. मी असं काही बोललोच नाही."

"बरं. मग निर्मलाबाईंनी आत्ता काय टाइप केलं, तेवढं मला वाचू द्या."

बाईंनी टाइपरायटरमधला कागद ओढला आणि सुलक्षणाच्या हातात ठेवला.

तेव्हापासून सुलक्षणा नोकरीत डावललेल्यांचेच खटले चालवते. पहिला निर्मलाबाईंचा होता: तीन मुलं वाढवली, वीस वर्षांत एक खाडा नाही, आणि पगार पुरुष कारकुनाच्या निम्मा.