कुरतडलेल्या पानांचा हार

एकदा एका महानगरात, उंच इमारतींच्या मधोमध उरलेल्या मारुतीच्या मंदिरात, एक वृद्ध गुरव सेवा करीत असे. हाताखाली एक तरुण शिष्य होता. मंदिरामागच्या मोकळ्या जागेत रुईची झुडपे आपोआप वाढली होती आणि दर शनिवारी त्यांच्याच पानांचा हार देवाला चढे.

मंदिराचे विश्वस्त असलेल्या व्यापाऱ्याला ही झुडपे खटकत. पानांना भोके, त्यांवर काळ्यापिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या. त्यापेक्षा तिथे परदेशी पाम लावावेत, हाराची पाने बाजारातून आणावीत, असा त्यांचा विचार होता. शनिवारी दर्शनाला येईन तेव्हा काय ते पक्के सांगेन, असा निरोप त्यांनी धाडला.

शिष्याचा जीव त्या झुडपांत गुंतला होता. पाने निर्दोष दिसली तर शेठजींना बोलायला जागाच उरणार नाही, असे त्याला वाटले. तो पहाटे उठून अळ्या वेची आणि शेजारच्या शोभेच्या कुंड्यांत नेऊन सोडी. त्या तिथे काय खातील, असे गुरवाने विचारले तेव्हा तो म्हणाला, एवढे हिरवे आहे, खातील काहीतरी. पण कुंड्यांतले एकही पान कुरतडले गेले नाही. अळ्या मात्र सुकून पडल्या.

शनिवारी शिष्याने अखंड पानांची परडी भरून ठेवली. गुरवाने ती बाजूला सारली. मागे जाऊन नेमकी कुरतडलेली पाने खुडली, चंदनाने त्यांवर रामनाम लिहिले, हार ओवला आणि देवाच्या गळ्यात घातला. आता झुडपे जाणार, असे शिष्य धरूनच चालला.

व्यापारी आले. हाराकडे पाहून त्यांच्या कपाळावर आठी उमटली.

"बाबा, दिसेनासं झालंय का तुम्हाला? देवाला किड्यांचं उष्टं घालता?"

"दिसतंय शेठजी, म्हणून तर निवडून घातलं," गुरव शांतपणे म्हणाला. "या शहरात हिरवं पुष्कळ आहे. शोभेच्या झाडांची पानं वर्षभर चकचकीत राहतात, कारण इथल्या जिवांची त्यांच्याशी ओळखच नाही. ही अळी रुईसारख्या चिकाच्या झाडांवरच जगते. माझ्या पोरानं तिला परक्या कुंडीत सोडलं, तर भरल्या हिरवाईत ती उपाशी मेली. तुम्ही उत्सवात भंडारा घालता. पंगतीतून कुणी भुकेलं उठू नये म्हणून स्वतः उभे राहता. ही झुडपं रोज पंगत वाढतात. ज्यानं कुणाला जेवू घातलं, त्याचं पान देवाला द्यावंसं वाटलं. अखंड पानं बाजारात मिळतील. ही मिळायची नाहीत."

शिष्याने मान खाली घातली. व्यापारी मागच्या बाजूला गेले. एका फांदीवर नुकतेच कोशातून निघालेले फुलपाखरू पंख वाळवीत बसले होते. पंख शेंदराच्या रंगाचे. ते उडून कळसापलीकडे जाईपर्यंत शेठजी तिथेच उभे राहिले.

"म्हणजे माझ्याआधीपासून तुमचा भंडारा चालू आहे तर," ते म्हणाले.

"माझा कसला? रुईचा."

शेठजी हसले. मग त्यांनी पामचा विचार सोडल्याचे सांगितले, आणि कुंपणालगतची फरशी उखडून तिथेही रुई वाढू द्यायला फर्मावले.

पुढच्या एका शनिवारी दर्शनाला आलेल्या बाईंनी शिष्याला हटकले. एवढ्या मोठ्या शहरातले मंदिर, आणि देवाला फाटकी पाने?

शिष्य ताठ उभा राहिला. "ताई," तो म्हणाला, "या शहरात अजून आमच्याकडे पाहुणे जेवून जातात."