पानमळ्यातली डबी

एक गाव होतं. नाव विचारू नका, मला सांगणाऱ्यानंही सांगितलं नव्हतं. त्या गावात एक खेळ होता, आणि त्या खेळापायी माणसं वर्षातून एकदा येडी व्हायची.

सुगी आटोपली, खळी झाडून झाली, की गावातला एक जण एक डबी लपवायचा. सकाळी पारावर उभा राहून तिची खूण सांगायचा. मग बाया, बापे, पोरं, म्हातारे, सगळे निघायचे शोधायला. जो शोधील त्यानं डबीतली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची आणि डबी होती तिथं परत ठेवून पारावर यायचं. सूर्य बुडायच्या आत डबी मिळाली तर शोधणाऱ्याचा मान, नाही मिळाली तर लपवणाऱ्याचा. मान म्हणजे काय, तर एक विडा. पाटलाच्या हातून, सगळ्या गावासमोर. बाकी काही नाही. पण त्या विड्यासाठी सख्खे भाऊ एकमेकांना चुकीची वाट दाखवायचे.

खेळाचा कायदा एकच होता, तोही तोंडी: ज्याची जागा, त्याला आधी विचारायचं. मग ती गोठ्याची गव्हाण असो की घरामागचा उकिरडा.

त्या वर्षी डबी लपवायची पाळी एका तांबटाची होती. तरणा, हुशार, हाताला कसब. डबी त्यानं स्वतःच ठोकून केली, तांब्याची, झाकण असं बसवलं की पाण्यात टाकली तरी आत थेंब जाऊ नये. आत कवडी, घुंगरू, लाखेची गोटी, शिंगाचं बटण असलं काय काय ठेवलं. आता प्रश्न जागेचा. गावातली प्रत्येक ढोली, प्रत्येक कपार लोकांना पाठ. मग त्याची नजर गेली पानमळ्यावर.

गावाच्या कडेला एका म्हातारीचा विड्याच्या पानांचा मळा होता. तिला सगळे आक्का म्हणायचे. मळ्याला चारी बाजूंनी दाट कूड, आत शेवरीच्या झाडांवर चढवलेले वेल, मधून पाण्याचा पाट. भर उन्हाळ्यात आत गेलं तरी अंगावर काटा यावा असा गारवा. पण आत जायचं तर वहाणा दाराबाहेर काढायच्या, दगडी डोणीत पाय धुवायचे, आणि आक्कानं ये म्हटलं तरच पाऊल टाकायचं. पाटलालाही तोच नियम. लोक म्हणायचे, म्हातारी खाष्ट आहे. होतीच ती खाष्ट. पण मळ्याच्या आत काय आहे, कसं आहे, याचं कुतूहल सगळ्या गावाला होतं आणि विचारून आत जायचा धीर कोणाला नव्हता.

तांबटानं विचार केला. विचारलं तर ही नाही म्हणणार. मग विचारायचं कशाला?

खेळाच्या आदल्या दिवशी आक्का पानांचे करंडे घेऊन बाजाराला गेली, तेव्हा तो गेला. बरं, गडी तसा वाईट नव्हता. वहाणा बाहेर काढल्या, पाय घासून धुतले, पानाला धक्का न लावता आत सरकला आणि मधल्या एका शेवरीच्या बुडाशी, सुकल्या पानांखाली डबी ठेवली. मनात म्हणाला, झालं, कोणाचं काय बिघडलं?

सकाळी पारावर त्यानं खूण सांगितली. जिथं उन्हाळ्यातही माती ओली, तिथं शेवरीच्या बुडाशी. त्याला वाटलं, मळा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे, म्हणूनच कोणाला सुचणार नाही.

लोक आधी नदीला धावले. तिथला चिखल तुडवला. मग विहिरींचे काठ पाहिले, गोठ्यांमागची ओल पाहिली, उकिरडे उकरले. दुपार कलली तशी एक कुंभारीण कपाळावर हात मारून म्हणाली की ओली माती आणि शेवरी एकत्र कुठं आहे, हे आपण रोज येता-जाता बघतो की. झालं. सगळी गर्दी मळ्याकडे.

दारापाशी म्हातारीनं वाटसरूंसाठी पाण्याचा रांजण ठेवलेला असायचा. दमलेले लोक तिथं घटाघटा पाणी प्यायले आणि दार ढकलून आत शिरले. आक्का पलीकडच्या टोकाला वेल बांधत होती. एकाला शंका आली, विचारावं का म्हणून. दुसरा म्हणाला, लपवणाऱ्यानं विचारलंच असणार, तू काय शहाणा लागून गेलास? तेवढ्यावर त्याची शंका फिटली. माणसाची शंका कशी स्वस्तात फिटते बघा.

वहाणा काढायचंही कोणाला आठवलं नाही. कोणी बुंध्याशी उकरतंय, कोणी वेल बाजूला ओढतंय, कोणी पाटाची माती वर काढतंय.

आक्का आली ती हातात वेल बांधायची लव्हाळ्याची जुडी घेऊन. ओरडली नाही. सगळ्यांच्या पायांकडे बघत राहिली. मग एवढंच विचारलं, "डबी कोणाची?"

तांबट दारातच उभा होता. लोक त्याची डबी शोधताना कसे दिसतात, हे बघायला आलेला. एक शब्द बोलला असता, माझी आहे म्हणाला असता, आत जाऊन डबी उचलली असती, तर खेळ तिथंच संपला असता. पण सूर्य आता डोंगराला टेकायला आला होता आणि विडा समोर दिसत होता. शिवाय तो स्वतः तर पाय धुऊन गेला होता. चिखल काय त्याच्या पायांचा होता?

तो गप्प बसला.

आक्कानं सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि दारातच बसून राहिली. लोकांना वाटलं, डबी आतच आहे, म्हणून म्हातारी आडवी आली. मग ज्यांना खेळाचं वेड जास्त, ते मागच्या बाजूनं कूड वाकवून घुसले. म्हातारीला कळेपर्यंत निम्मा मळा पायांखाली गेला होता. डबी तरीही मिळाली नाही.

सूर्य बुडाला. पारावर दिवटी लागली. तांबटाचं नाव पुकारलं, लोकांनी टाळ्या पिटल्या. पाटलानं तबक पुढं ओढलं आणि थांबला. तबकात सुपारी होती, कात होता, चुन्याची डबी होती. पान नव्हतं. दरवर्षी मानाचं पान आक्काच्या मळ्यातून यायचं, ती स्वतः आणून द्यायची. सगळे तिची वाट बघत बसले.

ती आली, रिकाम्या हातानं. वर न चढता पाराच्या खाली उभी राहिली.

"पान नाही," ती म्हणाली. "गोठ्याच्या, उकिरड्याच्या मातीतनं वेलाला मर लागते. मुळं कुजतात. म्हणून मी वहाणा काढायला लावते. तुम्हाला वाटतं, म्हातारीला मोठेपणा पाहिजे. आता किती वेल जगतात ते कळेपर्यंत मी पान खुडणार नाही. त्या मळ्यावर माझी चूल पेटते, तेवढं ध्यानात ठेवा."

पाटलानं तांबटाला विचारलं, जागा विचारून घेतली होती का? तांबटाला आता खोटं बोलायलाही जागा नव्हती. तो म्हणाला, नाही. मी पाय धुऊन गेलो होतो, असं पुढं जोडायला गेला, पण सगळ्या गावाच्या पायांवरचा वाळलेला चिखल त्याच्या समोरच होता. वाक्य तसंच राहिलं.

पुढच्या दिवसांत वेल माना टाकायला लागले. आधी पान पिवळं, मग देठ काळा, मग अख्खा वेल शेवरीवरून खाली. त्या हंगामात गावातल्या लग्नांत पाहुण्यांना नुसती सुपारी दिली आणि पाहुण्यांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं.

तांबटानं मात्र एक केलं. तो रोज दाराशी यायचा, वहाणा काढायचा, पाय धुवायचा आणि उभा राहायचा. पहिले काही दिवस आक्कानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. मग एक दिवस म्हणाली, "ये. पण हात लावू नकोस, मी सांगीन ते कर." त्यानं कुजलेले वेल उपटून बाहेर नेऊन जाळले, तळ्यातली ताजी माती डोक्यावरून आणून घातली. डबी तिथंच सापडली, तिच्यात थेंबभरही पाणी शिरलेलं नव्हतं. आक्कानं झाकण काढून आतल्या वस्तू तळहातावर ओतल्या, लहान पोरीसारखं उलटसुलट करून पाहिल्या. आत काय असतं, हे तिला इतकी वर्षं कोणी दाखवलंच नव्हतं. डबीसाठी जागा विचारायला तिच्याकडे कोणी येतच नसे ना.

माती टाकता टाकता तांबटानं मनातलं विचारलं, "आक्का, तेव्हा मी विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"आत ठेवायला नाही म्हणाले असते."

"तेच. मला ठाऊक होतं."

"कसलं ठाऊक होतं तुला? मी म्हणाले असते, दारातल्या रांजणाखाली ठेव. बुडाशी शेवरीचं खोड आहे, पाणी सांडून माती बारमाही ओली. अख्खं गाव तिथं पाणी पितं. पाणी पिताना रांजणाखाली बघतं का कोणी, लेका?"

तांबटाच्या हातातलं घमेलं तसंच राहिलं. ती जागा त्याला जन्मात सुचली नसती.

दुसऱ्या वर्षी त्यानं पाळी मागून घेतली, आणि रीतसर विचारून डबी तिथंच ठेवली. लोक दिवसभर हिंडले, मळ्याच्या दाराशी आले, पाणी प्यायले, दाराला हात न लावता परत गेले. आक्का दारात बसून सगळ्यांना पाणी वाढत होती आणि तोंड पदरात लपवत होती.

सूर्य बुडाला. तबकात पान होतं, वाचलेल्या वेलाचं, लहान आणि कोवळं. तांबटानं विडा घेतला, पाराच्या पायऱ्या उतरला आणि आक्काच्या हातावर ठेवला. म्हातारीला दात नव्हते. तिनं तो खलबत्त्यात कुटून खाल्ला, सगळ्या गावासमोर, सावकाश.

तात्पर्य: दुसऱ्याच्या जागेत पाय टाकायच्या आधी तोंड उघडून विचारा. तुम्ही जपून गेलात तरी तुमच्या मागून येणारं गाव जपून येत नाही, आणि समोरचा नाहीच म्हणणार, हे त्याच्या वतीनं तुम्ही ठरवायचं नाही.