लुकोबाची खंडणी

बसा या चौथऱ्यावर. चढून आल्यावर दम लागतोच. हा चौथरा देवाचा नाही, गावातल्या कुणी बांधलेलाही नाही. याला आम्ही लुकोबाचा चौथरा म्हणतो. समोर खाडीचं तोंड, आणि पलीकडे सगळं पाणीच.

फार जुन्या काळी म्हणे रोमच्या राजाची गलबतं या खाडीत येत. मिरी आणि कापड नेत, दारूचे रांजण ठेवून जात. मालावर लक्ष ठेवायला राजाने इथे काही शिपाई आणि एक नाईक बसवला होता. नाईकाचं नाव लुकियस. आमच्या लोकांनी त्याचा लुकोबा केला.

पुढे रोमचं राज्य उतरणीला लागलं. गलबतं कमी होत गेली, मग यायचीच थांबली. एक शिपाई कोळ्यांचा जावई झाला, एक माडावर चढायला शिकला, बाकीचे मिळेल त्या तारवातून निघून गेले. रोमचं राज्य म्हणून इथे एकटा लुकोबा उरला. शिरस्त्राणावरचा तुरा झडला, तेव्हा त्याने कोंबड्याची पिसं लावली.

खायला मात्र काही नव्हतं. वाडीतली नागूबाय मासळी विकायची. ती एकदा भात आणि कालवण घेऊन वर आली. लुकोबाने तोंड फिरवलं.

"मी राजाचा माणूस. भीक घेत नाही."

तीन दिवस तो उपाशी राहिला, असं सांगतात. चौथ्या दिवशी नागूबायने ताट ठेवलं आणि वाकून म्हणाली, "सरकार, गावाने खंडणी पाठवलीय."

लुकोबाने ताट निरखलं. "बांगडा एकच?"

"गाव गरीब आहे, सरकार."

"उद्यापासून दोन," तो म्हणाला आणि बोटं चाटून जेवला.

ज्या गावाला रोमने कधी जिंकलं नव्हतं, ते असं रोम बुडताना त्याचं मांडलिक झालं. घराघराने पाळी लावली.

मग एका परदेशी गलबताच्या तांडेलाने बातमी आणली. रोम शहर लुटलं गेलं, राजा संपला. गाव घाबरलं. राजा नाही तर खंडणी नाही, आणि खंडणी नाही तर म्हातारा जेवायचा नाही. पाटलाने बजावलं, "वर कुणी ब्र काढायचा नाही." दोन वर्षं कुणी काढला नाही.

एकदा वादळाने आठ दिवस होड्या निघाल्या नाहीत. नागूबाय रिकाम्या हाताने वर आली आणि रडू लागली.

"रडू नकोस," लुकोबा म्हणाला. "राजाने खंडणी माफ केली."

"कुठला राजा, बाबा! तो कधीच गेला!" नागूबाय बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"ठाऊक आहे. तांडेल आधी माझ्याकडेच आला होता."

"आणि तरी दोन वर्षं आमची खंडणी खाल्लीस?"

"तुम्ही एवढ्या हौसेने भरत होता. मोडवेना."

नागूबायला रडता रडता हसू आलं. तिने त्याला हाताला धरून खाली नेलं, आणि तो शेवटपर्यंत तिच्या ओटीवर राहिला.

आजही आमच्या वाडीत एकट्या म्हाताऱ्या माणसाला आम्ही जेवण देत नाही, खंडणी भरतो. गेल्या वर्षी शाळेत नवीन बाई आल्या. त्यांनी शेजारच्या एकट्या आजोबांकडे जेवण नेलं आणि म्हटलं, "थोडं उरलं होतं, घ्या." आजोबांनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी बाई रीत विचारून आल्या आणि ताट पुढे करून वाकल्या. आजोबांनी ताट घेतलं, आणि मालवणी मसाला कमी पडलाय म्हणून बाईंना चांगलंच झापलं. बाई हसत घरी गेल्या.