नाकुलीचा वेणीचा स्वेटर

नाकुली म्हणजे चिचुंद्रीची चिमुकली पोर. नाक लांब, पाय आखूड, अंगावर लव एवढीशी. गारठा पडला. नाकुली कुडकुडली. कुडकुड, कुडकुड.

मेंढीमावशी तिला स्वेटर विणत होती. बटणांचा, वेणीवेणीचा. तो खालून वर विणायचा. आधी घेर, मग पोट, मग गळा. घेर झाला. आता पोटावर वेणी घालायची. मावशीनं हात पुढे केला, तर छोटी सुई नाही.

"पारवीनं नेली वाटतं," मावशी म्हणाली. "विणायला दोन सुया पुरतात बाळा, पण वेणीला तिसरी लागते. सुई आण, मग विणते."

नाकुली निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"पारवीताई, पारवीताई,
मावशी वेणी विणेना,
मला थंडी सोसेना.
सुई देतेस का?"

पारवी म्हणाली, "मला ती काडीच वाटली गं. घरट्यात खोचली. आता काढली तर अंडी पडतील. शेवग्याची काटकी आण, मग देते."

नाकुली निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"शेवगाआजोबा, शेवगाआजोबा,
पारवी सुई देईना,
मावशी वेणी विणेना,
मला थंडी सोसेना.
काटकी देता का?"

शेवगा म्हणाला, "दिली असती गं. पण मुळं सुकलीत. फांदी हलवायला जोर नाही. पाटाचं पाणी आण, मग देतो."

नाकुली निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"पाटदादा, पाटदादा,
शेवगा काटकी देईना,
पारवी सुई देईना,
मावशी वेणी विणेना,
मला थंडी सोसेना.
पाणी देतोस का?"

पाट म्हणाला, "मीच अडकलोय गं. हा धोंडा बघ, आडवा पडलाय. म्हशीला बोलाव, मग देतो."

नाकुली निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"म्हैसआत्या, म्हैसआत्या,
पाट पाणी देईना,
शेवगा काटकी देईना,
पारवी सुई देईना,
मावशी वेणी विणेना,
मला थंडी सोसेना.
धोंडा ढकलतेस का?"

म्हैस म्हणाली, "ढकलला असता गं. पण कानात गोचीड बसलीय. मान वाकवली की ठणकतं. शिंग पोचत नाही, शेपूट पोचत नाही. गोचीड काढ, मग ढकलते."

नाकुली थांबली. आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. थेंब नाकावरून निघाला. चालला, चालला, चालला. टोकाशी पोचायला केवढा वेळ लागला.

नाकुलीनं नाकाकडे बघितलं. केवढं लांब नाक.

"आत्या, खाली बस," ती म्हणाली.

लांब नाक कानात गेलं. गोचीड दातात धरली. ओढली. टच्च.

"हुश्श," म्हैस म्हणाली.

म्हशीनं धोंडा ढकलला. गडगड.
पाटानं पाणी दिलं. खळखळ.
शेवग्यानं काटकी दिली. कडाक.
पारवीनं सुई दिली. टण्.

मावशी विणायला बसली. खटखट, खटखट. दोन टाके छोट्या सुईवर थांबले. दोन टाके पुढे गेले. थांबलेले मागून आले. पडला पीळ. पोटावर वेणी, छातीवर वेणी. मग बाह्या. मग गळा. मग पाच बटणं.

नाकुलीनं स्वेटर घातला.

मावशीनं विचारलं, "थंडी कुठे गेली गं?"

नाकुली म्हणाली, "थंडी बाहेर. मी आत."