पान्याचा सरकता जबडा

एकदा एक नवविवाहित शिष्य आपल्या वृद्ध गुरूंकडे आला. गुरू पंचक्रोशीत ज्ञानी म्हणून प्रसिद्ध होते. तरी आश्रमाचा नळ गळू लागला की स्वतःच पाना घेऊन बसत. त्या दिवशीही ते टाकीखाली बसले होते.

“गुरुजी, बायको माहेरी निघून गेली. परत येणार नाही म्हणते. भांडण नाही, तंटा नाही. उलट घरात सगळ्यांशी जुळवून घेणारी तीच एक.”

“सगळ्यांशी?”

“आईचे उपास, वडिलांचं पथ्य, बहिणीची परीक्षा, माझी पहाटेची पाळी. कुणाचं काहीही निघो, ती आपली वेळ बदलते. म्हणून तर आम्ही सगळं तिलाच सांगतो.”

गुरूंनी पाना त्याच्या हाती दिला. “आधी हा नट सोडव.”

शिष्य गोंधळला. प्रश्न संसाराचा आणि उत्तर नळाचे? पण गुरूंना विचारणार कोण? त्याने पाना नटावर बसवला, जबडा सरकवणारी फिरकी आवळली आणि जोर लावला. पाना सटकला. पुन्हा आवळली, पुन्हा सटकला. बोटाचे सालटे निघाले.

“हा सरकता जबडाच ढिला आहे,” तो वैतागून म्हणाला. “कितीही आवळा.”

“असं म्हणतोस?” गुरूंनी पाना काढला, उलटा करून नटावर बसवला आणि दांडा परत त्याच्याच हातात दिला. “आता ओढ.”

नट फिरला.

शिष्य पान्याकडे पाहतच राहिला. “पाना तोच, हात तोच. मग बदललं काय?”

“पान्याचा एक जबडा दांड्याशी अखंड असतो, दुसरा सरकतो. तो सरकतो म्हणूनच एका पान्यावर लहानमोठे सगळे नट निभावतात. पण मुख्य भार अखंड जबड्याने घ्यायचा. सरकत्याने साथ द्यायची. तू उलट्या बाजूने ओढलंस, सगळा भार सरकत्यावर टाकलास, आणि वर त्यालाच ढिला म्हणालास.”

शिष्याने पाना खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, “म्हणजे आईशी मलाच बोलावं लागणार.”

“वडिलांशीही. आणि पहाटे स्वतःचा डबा स्वतः भरावा लागेल.”

“ती तरीही आली नाही तर?”

“ते तिला ठरवू दे. पण तू बदलशील असा भरवसा आधी तिनेच धरावा, हा भारही तिच्यावर टाकू नकोस.”

शिष्य उठला. आश्रमासमोरच सासुरवाडीच्या गावाला जाणारी गाडी उभी होती. तो तिच्यात चढला नाही. आधी घरी गेला.