मार्थाबाईंकडची तिसरी भेट

"आणि हे देवाचं पाचारण तुला नेमकं कशासाठी झालं म्हणालास?" तबिताबाईंनी विचारलं.

"समुपदेशन आणि अध्यापन," अनुग्रह म्हणाला.

"दोन्ही?"

"दोन्ही, बाई. प्रार्थनेत अगदी स्पष्ट जाणवलं."

"नशीबवान आहेस. मला नुसतं 'जा' म्हणाला. कुठे, ते सांगायचं राहिलं."

तबिताबाई वाघचौरे चाळीस वर्षं बायबलबाई होत्या. म्हणजे घरोघर जायचं, लोकांचं ऐकायचं, जमल्यास शास्त्रातले चार शब्द सांगायचे. पुढे बायबल शाळेत त्या गृहभेटीचा विषय शिकवू लागल्या. आता गुडघे ऐकेनात, म्हणून जागा रिकामी होत होती.

त्या जागेसाठी अनुग्रह पारधेने वीज मंडळातली कायमची नोकरी सोडली होती, समुपदेशनाची पदविका मिळवली होती आणि थोडी दाढीही वाढवली होती. राहिली होती फक्त बाईंची सही. प्राचार्यांनी तीच अट घातली होती.

"आपली मार्था तीन महिने चर्चला आलेली नाही," बाई म्हणाल्या. "का, ते तिच्याकडून ऐकून ये. मग सहीचं बघू."

अनुग्रह तासाभरात परत आला. हातात चार पानं टिपणं.

"शोकाची दुसरी पायरी आहे, बाई. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, तरी मनाने स्वीकारलेलं नाही. मी चारही पायऱ्या समजावून सांगितल्या."

"ती काय म्हणाली?"

अनुग्रहने पानं चाळली. पहिली बाजू, मागची बाजू...

"चहा घेणार का, म्हणाल्या."

"मग?"

"मग प्रार्थना केली आणि निघालो."

"पुन्हा जा."

दुसऱ्या दिवशी तो पायऱ्यांचा रंगीत तक्ता घेऊन गेला.

"आज काय म्हणाली?"

"साखर कमी पडली का, म्हणाल्या." मग त्याचा चेहरा उजळला. "पण प्रार्थना फार छान झाली, बाई. पंधरा मिनिटं."

मिशन कंपाउंडातला रिवाज असा, की भेटीला आलेल्याने 'प्रार्थना करू या' म्हटलं की भेट संपली. बाया पदर डोक्यावर घेतात, सगळे डोळे मिटतात आणि 'आमेन' झालं की पाहुणा चपला शोधतो. पाहुण्याला इतक्या आदराने वाटेला लावण्याची सोय दुसऱ्या कुठल्या समाजात नसावी.

"उद्या तिसऱ्यांदा जा," बाई म्हणाल्या. "प्रार्थना करायची नाही."

"प्रार्थना न करता निघायचं? कंपाउंडात कळलं तर?"

"निघ असं कुठे म्हटलं मी?"

तिसऱ्या दिवशी चहा झाला. बिस्किटं झाली. चारही पायऱ्या आधीच सांगून झाल्यामुळे अनुग्रहकडे बोलायला काही उरलं नव्हतं.

मार्थाबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि वाट पाहिली.

अनुग्रहने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.

"करा की, भाऊ."

"आज नाही."

"बरं नाही का?"

"बरं आहे. बसतो थोडा."

मार्थाबाईंनी पदर खाली घेतला. पुन्हा वर घेतला...

"तबिताबाईंनी पाठवलंय ना तुम्हाला?"

"हो."

"तिन्ही वेळा?"

"सहीसाठी," अनुग्रह म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याला बरं वाटलं. "तुम्ही का येत नाही ते कळलं नाही, तर बाई सही करणार नाहीत. सही नाही तर शाळेतली जागा नाही. जुनी नोकरी मी सोडून बसलोय."

मार्थाबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

"म्हणजे अडचण तुमचीच आहे."

"हो."

"मग सांगते. मला दुःख नाही हो काही. उपासनेत मला हसू येतं."

"कशाचं?"

"गायनमंडळात सॉलोमन मास्तर उभे असतात ना... त्यांच्याकडे बघितलं की येतं. मग त्यांनाही येतं. गुड फ्रायडेला त्यांचा सूर गेला, तो माझ्यामुळे. गुड फ्रायडेला, भाऊ. मी बासष्टची, ते सत्तरीचे. तेव्हापासून गेले नाही मी."

अनुग्रह पुढे सरकून बसला.

"आता त्यांनी विचारलंय," मार्थाबाई कपबशीकडे बघत म्हणाल्या. "मी हो म्हटलंय. पाळकसाहेबांना आम्ही दोघं मिळून सांगणार आहोत. तोवर कुणापाशी बोलू नका."

ही कितवी पायरी, ते अनुग्रहला आठवेना. त्याला हसू फुटलं. मार्थाबाईंना त्याच्यामुळे आणखी फुटलं. हसता हसता दुसरा चहा झाला, आणि साखर जास्त पडली तरी कुणी काही म्हटलं नाही.

संध्याकाळी तबिताबाई व्हरांड्यात बसल्या होत्या. समोर प्राचार्यांचा कागद, त्यावर पेन.

"काय म्हणाली?"

आज टिपणं नव्हती.

"ते मला सांगता येणार नाही, बाई."

"मलासुद्धा?"

"तुम्हालासुद्धा."

"मग मी सही कशावर करू?"

वीज मंडळ परत घेत नाही, हे अनुग्रहने गुपचूप विचारून ठेवलं होतं...

"नका करू," तो म्हणाला. चेहरा गंभीर ठेवणं मात्र त्याला जमेना.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. सावकाश सही केली, खाली तारीख घातली आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

"सोमवारपासून वर्गावर जा," त्या म्हणाल्या. "आणि लग्नात भाषण करू नकोस."