अंगावर बसलेली पाखरं

पूर्वी मेखला नगरीवर राजा सुबाहू राज्य करीत असताना बोधिसत्त्व रानाकडेच्या एका गावी मुखिया होऊन जन्मले होते. गाव कोसा, म्हणजे रानरेशीम, पिकवणाऱ्यांचं. ऐनाच्या झाडांवर अळ्या वाढवायच्या, कोष उतरवायचे, थोडे बियाण्याला ठेवायचे. त्या कोषातून पतंगाची मादी निघाली की तिला ऐनाच्या बागेत फांदीवर बसवायची आणि रानातल्या नराची वाट बघायची. या पाखराला ना खायला तोंड, ना गळ्यात आवाज. मादी जागची हलतसुद्धा नाही. शेपटाकडून वास सोडते, तेच तिचं बोलणं. माणसाच्या नाकाला तो कळत नाही. टेकडीपलीकडच्या नराला बरोबर कळतो. त्याच्या डोक्यावर पिसांसारख्या दोन मिशा असतात. त्यांनी वास टिपून तो वाऱ्याला छाती देत थेट तिच्याजवळ येतो.

गावात वेणुका नावाची विधवा होती. विधवेनं बागेत पाऊल टाकायचं नाही अशी तिथली रीत. रीत कोणी घातली? ज्यांना कधी विधवा व्हायचं नव्हतं त्यांनी! वेणुकेची ओढ्याकाठची झाडं दीर सांभाळायचा, पण बियाण्याचे कोष ती घरी मागवून घ्यायची. निघालेल्या माद्या गारठू नयेत म्हणून आपल्या पासोडीत घ्यायची.

त्या वर्षी नर उशिरा निघाले. लोकांना धीर कुठला? मांत्रिक पिंगल म्हणाला, "बागेला नजर लागली. रोज सांजेला राळेचा धूप घाला." घातला. बाग धुरानं कोंदली आणि यायचे तेही नर थांबले. माद्यांनी अंडी घातली, ती सगळी वांझ. इकडे वेणुकेच्या दारावर, भिंतीवर, तिच्या खांद्यावर नरच नर!

"हिनंच ओढून घेतले," पिंगल ओरडला. "चेटकीण आहे. हाकला गावाबाहेर."

"अरे जा," वेणुका म्हणाली, "मला चेटूक येत असतं तर पहिला तुझाच बेडूक केला असता."

कोणीतरी फिसकन हसलं. वेणुकेला मात्र ठाऊक होतं, हाकललेल्या बाईला दोनच वाटा, रान नाही तर भीक.

गाव मुखियांपुढे जमलं. हाकललेल्याची झाडं मुखियाकडे जायची, हाही तिथला रिवाज. पिंगल त्यांच्या कानाशी लागला, "मुखियाबाबा, ओढ्याकाठचे ऐन आहेत. विचार करा."

मुखियांनी विचार केला. मग वेणुकेला विचारलं, "बाई, ही पासोडी धुतलीस कधी?"

"धुऊन वाळवायला ऊन आहे कुठं?"

"मग दे इकडे. तू राखेनं अंग घासून ओढ्यात न्हा, दुसरं लुगडं नेस आणि माळावर ये. वारा तिथून रानाकडे वाहतो. पाखरं तुझ्याकडे आली तर पिंगलचं खरं."

वेणुकेनं कातडी सोलवटेस्तोवर राख घासली. मग ती माळावर येऊन बसली. शेजारी मुखिया पासोडी पांघरून उभे राहिले.

दिवस बुडाला. एरंडावरचं एक पाखरू आलं आणि ढुंकूनही न बघता निघून गेलं. त्याच्या जातीची ती भाषाच नव्हती. मग ऐनावरचा एक नर आला. वेणुकेनं डोळे मिटले. तो तिच्या कानाजवळून गेला आणि मुखियांच्या छातीवर बसला. दुसरा दाढीवर, तिसरा मानेवर. बघता बघता मुखिया पंखांनी झाकले गेले.

"मुखियाही बाटले!" म्हणत एकानं दगड उचलला.

मुखिया हलले नाहीत. "मार," ते म्हणाले. "पण त्याआधी ही पासोडी पिंगलला पांघरवा."

पिंगल मागे सरकला. वेणुका ताडकन उठली. "पांघर ना, दादा! का चेटूक फक्त बायकांनाच चिकटतं?"

लोकांनीच पासोडी त्याच्या अंगावर टाकली. पाखरं पासोडीमागे गेली. पिंगल हातवारे करत गोल गोल नाचू लागला, तशी एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, ही तर मिशीवाली चेटकीण!"

दगड उचललेल्याच्या हातून तो खाली पडला.

मुखिया म्हणाले, "पासोडीत माद्यांचा वास मुरला आहे, पाखरं त्याच्याकडे येतात. बागेतल्या माद्याही हाक मारत होत्या. तुम्ही धुरानं ती हाक बुजवली. वेणुकेची झाडं वेणुकेचीच राहतील. आणि आजपासून ती बागेत जाईल."

शेजारणी पाया पडायला धावल्या. वेणुका म्हणाली, "पाया मागाहून पडा. आधी घागरी उचला." स्वतः पुढे होऊन ती बागेत शिरली आणि धुपाटण्यांवर पाणी ओतलं. दुसऱ्या सांजेला बागेत नव्यानं निघालेल्या माद्यांकडे नर उतरले.

एवढं सांगून शास्त्यांनी, म्हणजे संघाच्या गुरूंनी, समोरच्या भिक्खूंकडे पाहिलं. या भिक्खूंनी खरंखोटं न बघता कर्णिका नावाच्या भिक्खुणीबद्दल संघात कुजबूज उठवली होती. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा पिंगल म्हणजे तुमच्यातला हा उदुंबर. वेणुका म्हणजे कर्णिका. आणि मुखिया मीच होतो."

उदुंबर उठला आणि सर्वांसमक्ष कर्णिकेपुढे हात जोडून उभा राहिला.

जे कळत नाही त्याला पाप म्हणण्याआधी त्याचं कारण शोधावं, आणि त्यापायी दारात आलेला लाभही सोडावा. याचं नाव प्रज्ञा.